बसलेले इंजिन : बळ लावण्यापूर्वीचा तपास

आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी आता बैलजोडीच्या जागी काही ना काही यंत्र उभे असते. कोणाकडे पॉवर टिलर, कोणाकडे ट्रॅक्टर, कोणाकडे शेतातील पाणी उपसण्याचा डिझेल पंप. आणि पेण व रोहा ह्या तालुक्यांत ज्यांस आपले भात, पेंढा अथवा वाल स्वतःच बाजारी न्यावयाचे असतात, अशा काही घरी एखादी जुनी मालमोटारही असते. बैल खाली बसला व उठेना, तर त्याचे पोट फुगले आहे की खुरास काही लागले आहे, हे आपण आधी पाहतो. त्यास उठविण्यासाठी एकदम दोरखंड लावीत नाही. इंजिन बसले म्हणजे मात्र हा विवेक सुटतो. एक तर चार माणसे जमवून बळ लाविले जाते, नाही तर भंगारवाल्यास निरोप जातो. ह्या दोहोंच्या मध्ये तपासाची जी पायरी आहे, ती मी स्वतः एकदा गाळिली व त्याची किंमत घरादाराने भरिली. सबब तो प्रकार येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथमच सांगतो की मी महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. यंत्रविद्येचे शिक्षण मला नाही. जे लिहितो ते पेणच्या एका वृद्ध मेस्त्रीच्या शेजारी फळीवर बसून पाहिलेले, त्यास पुन्हा पुन्हा विचारून घेतलेले व पुढे दोन-तीन प्रसंगी पडताळून पाहिलेले असे आहे.

इंजिन 'बसले', 'जाम झाले', 'सीझ झाले' असे आपण म्हणतो. ह्या तिन्ही शब्दांचा अर्थ इतकाच की क्रँक, म्हणजे ज्या आडव्या दांड्यास सर्व पिस्टन जोडलेले असतात तो दांडा, फिरत नाही. तो का फिरत नाही हे त्या शब्दांतून कळत नाही. 'ताप आला' म्हटल्याने जसा रोग कळत नाही, तसेच हे आहे. क्रँक अडण्याची कारणे पाच-सहा असून प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यास लाविला तर इंजिन फुटते.

आमची गाडी टाटांच्या १२१० जातीची, पुढे नाक असलेली, जुनी विकत घेतलेली होती. टाटांनी मालमोटारी बांधण्यास १९५४ साली जर्मनीच्या मर्सिडीझ-बेंझ कंपनीच्या सहकार्याने आरंभ केला. ते सहकार्य १९६९ पर्यंत चालले. पुढे ज्या इंजिनावर ह्या गाड्या वर्षानुवर्षे धावल्या, त्यास मेस्त्रीलोक '६९७' म्हणतात. हा आकडा निरर्थक नाही. सहा सिलिंडर व प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, असा त्याचा अर्थ आहे. लहान गाडीचे '४९७' इंजिन म्हणजे त्याच व्यासाचे चार सिलिंडर. ज्याच्या घरी अशी गाडी आहे त्याने हा अर्थ ध्यानात ठेविल्यास सुटे भाग घेताना दुकानदारासमोर गोंधळ होत नाही.

गाव नागोठण्याच्या खालच्या अंगास, आंबा नदीच्या काठी. नदी ती आमची, पण खाडीही फार दूर नाही. उधाणाच्या वेळी पुराचे पाणी उतरावयास जागा मिळत नाही व ते शिवारात तुंबते. जुलै १९८९ मध्ये ह्याच नदीने जांभुळपाड्याची जी दशा केली ती वडील मंडळींच्या स्मरणात आहे. तरीही दिनांक २६ जुलै २००५ च्या रात्री अंगणात छातीएवढे पाणी येईल असे आमच्यापैकी कोणासही वाटले नव्हते. माणसे व गुरे उंचावर नेली. गाडी जागेवर राहिली. पाणी बॉनेटच्या वर गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उतरू लागले.

मी त्या वेळी तहसील कचेरीत होतो. जिल्हाभर पडलेली घरे, वाहून गेलेली गुरे, आवणी होऊन खरवडून गेलेली शेते, ह्यांचे पंचनामे यावयास लागले होते व रात्रंदिवस तक्ते भरण्याचे काम होते. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने कचेरीत दूरध्वनी केला. त्याची घाई समजण्यासारखी होती. त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती, हमरापूरच्या एका कारखान्याच्या मूर्ती पोचविण्याचे काम आम्ही पत्करिले होते, विसार घेतलेला होता, आणि गाडीच्या कर्जाचा बोजा आमच्या सातबाराच्या इतर हक्कात चढलेला होता. तो म्हणाला, "दादा, सेल्फ मारला तर नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि थांबतो. दुसरी बॅटरी लावली, तरी तेच. शेजारच्या ट्रॅक्टरने टोचन करून बघू का?"

समोर कागदांचा ढीग होता. मी म्हणालो, "बघा ओढून."

हे दोन शब्द मी विचार न करता बोललो. ट्रॅक्टरने दोर लाविला, भावाने गाडी दुसऱ्या गिअरात घालून क्लच सोडिला, मागची चाके चिखलात दोन हात घासली, आतून एक बोजड ठोका ऐकू आला आणि गाडी उभी राहिली. त्यानंतर तिला कोणी हात लाविला नाही. विसार परत करावा लागला. मूर्ती दुसऱ्याच्या गाडीने गेल्या. गौरी-गणपती झाल्यावर, म्हणजे पाणी आत शिरल्यास दीड महिना होऊन गेल्यावर, मी रजा घेऊन पेणच्या मेस्त्रीस घेऊन आलो.

त्याने गाडीभोवती एक फेरी मारिली व पहिला प्रश्न केला, "भाऊसाहेब, पाणी उतरल्यावर हिला चालू करायचा प्रयत्न कोणी केला का?" मी खरे ते सांगितले. तो काही बोलला नाही. पिशवीतून पान्हे काढून त्याने आधी बॅटरीची तार सोडविली.

तपासाचा क्रम

मेस्त्रीने जो क्रम धरिला तो असा की ज्या गोष्टी पाहण्यास खर्च नाही त्या प्रथम, ज्यांस खोल उघडावे लागते त्या शेवटी.

सर्वांत आधी अडथळा इंजिनातच आहे का हे ठरवावे लागते. गिअर मोकळा करून गाडी ढकलून पाहतात. परंतु पुरातील गाडीच्या बाबतीत ही परीक्षा फसवी आहे, कारण ब्रेकचे ड्रम गंजून चाकेच धरलेली असतात. आमची गाडी तशीच होती. क्लचची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते तीही याच वेळी. पण तिच्यामुळे इंजिन अडत नाही, फक्त गिअर सुटत नाही. यानंतर सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, उतरवावी. तिचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून राहिले तर इंजिन बसल्यासारखेच भासते, आणि मोटर काढताच मोकळे होते. मग पंख्याचा पट्टा काढावा, म्हणजे डायनामो अथवा पाण्याचा पंप जाम असल्यास तोही संशयातून सुटतो. हे सर्व करण्यास अर्धा दिवस पुरतो. माझ्या माहितीत एका गृहस्थाने नुसत्या अडकलेल्या सेल्फपायी गाडी भंगारात दिली होती. घेणाऱ्याने ती त्याच संध्याकाळी चालवीत नेली.

ह्यानंतर तेलाची कांडी पाहावी व इंजिनाखालील चेंबरचा बूच अगदी थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व प्रथम बाहेर येते. आमच्या गाडीतून आधी गढूळ पाणी आले, नंतर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे तेल आले. असे फेसाळ तेल दिसले म्हणजे आत पाणी शिरले हे निश्चित. मग ते पुराचे असो, किंवा हेडचे पॅकिंग जाऊन रेडिएटरातून आलेले असो. तेलात चमकणारा चुरा दिसला तर ते निराळे व वाईट लक्षण आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

आता नोझल काढावयाचे. डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरावर डिझेलची फवारणी करणारे एक नोझल असते. सहाही नोझल काढून टाकिले म्हणजे आत अडकलेल्या हवेस व पाण्यास बाहेर पडण्यास वाट होते. ही वाट करण्यापूर्वी क्रँकला हात लावू नये. आमच्या गाडीचा घात झाला तो नेमका ह्याच ठिकाणी. सबब याची कारणमीमांसा थोडी विस्ताराने देतो.

पाणी दबत नाही

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होण्याजोगी होते, व तीत डिझेल फवारताच ते पेटते. ६९७ इंजिनाच्या एका सिलिंडरात पिस्टन खाली असता सुमारे १,००० घन सेंटिमीटर हवा मावते. पिस्टन वर गेला म्हणजे तिला साधारण सतराव्या हिश्शाची जागा उरते. म्हणजे जेमतेम ६० घन सेंटिमीटर. लहान कपातील चहा ह्याहून अधिक भरतो. हवा दबते म्हणून हे चालते. पाणी दबत नाही. सिलिंडरात त्या जागेहून अधिक पाणी असेल तर पिस्टन वर जाऊ शकत नाही, जणू काही मध्ये दगडी पाटा ठेविलेला आहे. इंजिन तेथेच थांबते. सेल्फ मारल्यावर येणारा 'टक्' हा आवाज त्याचाच असतो, व ह्या क्षणापर्यंत बहुधा काहीही मोडलेले नसते. सेल्फचे बळ बेताचे असते. परंतु चार-पाच टनांची गाडी ट्रॅक्टरने ओढून क्लच सोडिला म्हणजे त्या सर्व वजनाचा हिसका चाकांतून क्रँकवर येतो. क्रँक फिरू पाहतो, पिस्टनला पाणी वर जाऊ देत नाही, आणि दोघांच्या मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

सर्वच सिलिंडरांत पाणी का भरत नाही, असा प्रश्न मी मेस्त्रीस विचारिला. उत्तर सोपे आहे. इंजिन कोठेही थांबले तरी काही सिलिंडरांच्या झडपा, ज्यांस तो 'व्हॉल्व्ह' म्हणत होता, उघड्या राहतात आणि काहींच्या बंद. ज्यांची हवेच्या बाजूची झडप उघडी, त्यांत एअर क्लीनरवाटे पाणी येते. ज्यांची धुराच्या बाजूची उघडी, त्यांत सायलेन्सरवाटे. बंद झडपांचे सिलिंडर कोरडे राहू शकतात. गंजाचेही तसेच. खाडीकाठच्या दमट हवेत चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे एकदोन सिलिंडरच धरतात, ते ह्याच कारणाने.

गंज सोडविणे

नोझल काढल्यावर क्रँकच्या पुढच्या पुलीच्या बोल्टास बॉक्स पान्हा व हातभर टॉमी लावून इंजिन हाताने फिरवून पाहावे. फिरविण्याची दिशा पुढून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांची. येथे हातास जे जाणवते तेच निदान. थोडे फिरून एकाच जागी कठीण ठोका लागत असेल, आणि उलट फिरविल्यास पुन्हा मोकळे होत असेल, तर आत एखादा मोडका तुकडा, तुटलेली झडप वा वाकलेला भाग आहे. दोन्हीकडे केसभरही हालत नसेल तर गंज किंवा बेअरिंग. आमचे इंजिन मुळीच हालले नाही. दीड महिन्यात रिंगा बोअरच्या लोखंडास धरून बसल्या होत्या.

मी म्हटले की टॉमीवर पाइप चढवून दोघे लोंबकळू. मेस्त्रीने पान्हा काढून पिशवीत ठेविला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, घाई तुम्ही एकदा केलीत. आता तेलाला काम करू द्या."

नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरात त्याने साधारण अर्धी वाटी तेल सोडिले. गिअर व पॉवर स्टिअरिंगसाठी मिळणारे पातळ लाल तेल, ज्यास दुकानात 'ए. टी. एफ.' म्हणतात, ते व अॅसिटोन समभाग, असे त्याचे मिश्रण होते. अॅसिटोन न मिळाल्यास डिझेलही चालते, फक्त दिवस अधिक लागतात. अॅसिटोन पेट्रोलसारखेच भडकते. विडी ओढणाऱ्यास जवळ उभे करू नये, व काम उघड्यावर करावे. भोकांवर कापडाचे बोळे ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ पान्हा लावून एक-एक बेताचा दाब द्यावयाचा, पुढे व मागे, आणि पुन्हा सोडून द्यावयाचे. कमी झालेले तेल पुन्हा भरावयाचे. तो पेणला निघून गेला व हे काम मजवर सोपविले.

चार दिवस काही झाले नाही. पाचव्या दिवशी सकाळी पान्हा नखभर सरकला. ज्याने कचेरीत वीस-वीस वर्षांच्या वहिवाटीचे तंटे निकालात निघताना पाहिले आहेत, त्यासही त्या नखभर सरकण्याने जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. येथे पुष्कळांचा मोह अनावर होतो व ते जोर वाढवितात. तसे न करता तेवढ्याच अंतरात पुढे-मागे हालवीत राहावे. गंजाची पूड तेलात मिसळून निघत जाते व अंतर वाढते. जोर केल्यास तीच पूड रिंगांत दाबली जाऊन बोअरवर उभे ओरखडे काढिते, किंवा रिंग तुटते. सातव्या दिवशी क्रँकचा पूर्ण फेरा झाला. त्या वेळी नोझलच्या भोकांतून तेल-पाण्याची चिळकांडी वर उडाली. म्हणून फिरविताना भोकांवर तोंड नेऊ नये, व डोळे सांभाळावेत.

मेस्त्री परत आल्यावर त्याने सायकलचा एक आरा मागितला. आऱ्याचे वरचे टोक वाकवून, म्हणजे तो आत पडू नये, त्याने तो एकेका भोकातून पिस्टनच्या माथ्यावर टेकविला, क्रँक हळूहळू फिरवून पिस्टन सर्वांत वर आणिला व आऱ्यावर नखाने खूण केली. पाच सिलिंडरांत खूण एकाच ठिकाणी आली. चौथ्यात आरा चार मिलिमीटर अधिक खोल गेला. कनेक्टिंग रॉड वाकला म्हणजे त्याची लांबी कमी पडते व पिस्टन पूर्ण वर पोचत नाही; हेड न उघडता हे कळण्याची ही युक्ती मला फार आवडली. खर्च काहीच नाही. आणि 'बघा ओढून' ह्या माझ्या दोन शब्दांचे मोजमापही त्या आऱ्यावर मला लगेच मिळाले.

मग हेड उतरविले, चेंबर काढिले, चौथा पिस्टन खाली घेतला. रॉड उघड्या डोळ्यांनी पाहता सरळच वाटे. सरळ पट्टी लाविल्यावर बाक दिसला. वाकलेला रॉड तापवून सरळ करणारे काही कारागीर असतात. मेस्त्रीने ते साफ नाकारिले, व मलाही ते पटले. एकदा वाकलेला रॉड पुढे चढावर भरल्या गाडीत तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. नवा रॉड, सहाही पिस्टनांच्या रिंगा, बेअरिंगा व पॅकिंगचा संच घेतला; बोअर घासून साफ केले. एकंदर खर्च आमच्या त्या वर्षीच्या भाताच्या निम्म्या उत्पन्नाइतका झाला. नुसते पाणी काढून तेल बदलिले असते तर तो दहाव्या हिश्शातही भागला असता.

जोडणी झाल्यावरही दोन गोष्टी राहिल्या. पहिली डिझेलच्या पंपाची. ह्या पंपाचे भाग इतके बारीक बसविलेले असतात की पाण्याचा अंशही त्यांस पुरेसा होतो. टाकी धुऊन, फिल्टर बदलून, पंप त्याच कामाच्या कारखान्यात तपासावयास दिला. पंपाची आतली पट्टी गंजून पूर्ण उघड्या स्थितीत अडकली तर चालू होताच इंजिन बेफाम वेग घेते व चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी चालू करिताना मेस्त्रीने हवेच्या तोंडापाशी एक जाड लाकडी फळी घेऊन माणूस उभा केला होता. हवा तोडली म्हणजे डिझेल इंजिन थांबते. तेथे हात अथवा फडके लावू नये. ते आत ओढले जाते. दुसरी गोष्ट तेलाची. स्वस्त तेल भरून इंजिन थोडा वेळ हलकेच चालवावे, गरम असतानाच ते काढून टाकावे, पुन्हा तसेच करावे, आणि तिसऱ्या वेळी चांगले तेल व नवा फिल्टर घालावा. गिअरबॉक्स व मागच्या आसाच्या घरातले तेलही बदलावे. पाणी तेथेही गेलेले असते, पण ते आवाज करीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

उष्णतेने व तेलावाचून बसलेले इंजिन

वरील हकीकत पाण्याची व गंजाची झाली. चालत्या गाडीचे इंजिन बसते तेव्हा कारण बहुधा उष्णता किंवा तेलाचा अभाव असते. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि बोअर ओतीव लोखंडाचा. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. ९७ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंश अधिक तापला तर सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतो व बोअर ०.१ मिलिमीटर. दोहोंमधील मोकळीक ह्याच हिशेबाने ठेविलेली असते. पाण्याचा नळ फुटला वा पंख्याचा पट्टा तुटला की हिशेब मोडतो आणि पिस्टन धरतो.

सुकेळीच्या खिंडीत चैत्र-वैशाखात भरलेल्या गाड्या अशा उभ्या राहिलेल्या आपण पाहिल्या असतील. त्या वेळी चालकाच्या हातून जे होते तेच करू नये : ओढ्याचे गार पाणी आणून तापलेल्या रेडिएटरात ओतणे. गरम ओतीव लोखंडास एकदम थंड पाणी लागले की हेडास अथवा ब्लॉकास चीर जाते, आणि पॅकिंगने भागले असते तेथे हेड नवे घ्यावे लागते. झाकणही उघडू नये. वाफेने तोंड भाजते. गाडी सावलीत दोन-तीन तास तशीच राहू द्यावी. थंड झाल्यावर क्रँक हाताने फिरला तर संकट टळले असे समजून गाडी हाकू नये, कारण पिस्टनच्या अंगावरील धातू बोअरला घासून चिकटलेला असतो. ओढून घरी न्यावी, आणि ती गिअर मोकळा ठेवूनच.

तेलावाचून बसलेल्या इंजिनाची लक्षणे निराळी. बसण्यापूर्वी खालून 'खट खट' असा जड आवाज येत असतो व तेलाच्या दाबाचा काटा उतरलेला असतो. चेंबरच्या तेलात तांबूस किंवा रुपेरी चुरा सापडतो. अशा इंजिनात वरून तेल ओतून महिनाभर वाट पाहिली तरी उपयोग नाही. बेअरिंग क्रँकलाच चिकटलेले असते. चेंबर काढून क्रँक खाली घ्यावा लागतो, तो घासून कमी मापाचा करून त्यास पाव किंवा अर्धा मिलिमीटर जाड बेअरिंग बसवितात. किती वेळा घासता येईल यास मर्यादा आहे, म्हणून जुनी गाडी घेताना क्रँक पूर्वी किती घासला आहे हे विकणाऱ्यास जरूर विचारावे. तो सांगेलच असे नाही.

कागदपत्रांविषयी

माझा जन्म कागदांत गेल्यामुळे दोन शब्द त्यांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. गाडीचा विमा सर्वंकष असेल तर पुराने झालेली हानी विमा कंपनी मान्य करिते. परंतु पाणी शिरल्यावर गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात जे मोडले, ते पुराने मोडले नसून मालकाच्या कृतीने मोडले, असे म्हणून तो भाग बहुधा नाकारिला जातो. वाकलेला रॉड पाहून तपासनिसास प्रश्न पडतोच. म्हणून पाणी उतरताच गाडीची छायाचित्रे काढावीत, पाण्याची रेघ गाडीवर कोठवर आली ती दिसेल अशी. बॅटरीची तार सोडवावी. विमा कंपनीस कळवावे. आणि तिची परवानगी घेऊन त्याच आठवड्यात चेंबरचे व सिलिंडरांचे पाणी काढवून आत तेल सोडवावे. पाणी शिरल्या दिवसापासून गंज सुरू होतो, खारे असल्यास अधिकच वेगाने. चार दिवसांत काढलेले पाणी व सहा आठवड्यांनी काढलेले पाणी ह्यांत इंजिनाच्या आयुष्याचा फरक असतो.

दुरुस्तीपेक्षा जुने दुसरे इंजिन आणून बसविणे काही वेळा स्वस्त पडते, विशेषतः ब्लॉक फुटला असल्यास. तसे करिताना त्या इंजिनाची खरेदीपावती मूळ मालकाच्या कागदांसह घ्यावी, कारण इंजिनाचा क्रमांक गाडीच्या नोंदणीपत्रात लिहिलेला असतो व तो परिवहन कचेरीतून बदलून घ्यावा लागतो. आपल्या जिल्ह्याची ती कचेरी पेण येथे आहे. आठ वर्षांवरील मालमोटारीस योग्यतेचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतो. क्रमांक जुळला नाही तर तो तेथेच अडतो, आणि मग उभ्या गाडीवर कराचे व कर्जाचे व्याज मात्र चालू राहते. आमच्या गाडीचा ब्लॉक शाबूत निघाल्यामुळे हा फेरा आम्हांस पडला नाही. दसरा उलटल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आली व हळव्या भाताची पहिली खेप घेऊन वडखळच्या बाजूस गेली. भाऊ चालवीत होता, आणि मेस्त्री शेजारी बसून कान लावून ऐकत होता.